गॉगलवाल्या पोरीला मी दिलेले गुण

गंगाखेड

ती. दाजींना सिद्धोधनचा सप्रेम जयभीम.

तुमचा गुडघा, अक्काची शुगर आणि तुम्हा दोघांची भांडणं, सगळं जागच्या जागी असेल असं धरून चालतो. (फोनच केला असता, पण फोन अक्का उचलते आणि ती बोलून दमेपर्यंत माझी बॅटरी संपते. शिवाय तुम्हाला ऐकू येत नाही, हे तुम्ही सोडून सगळ्यांना माहीत आहे.) इकडे सुकेशनी, धम्मानंद आणि सूनबाई मनिषा खुशाल. नात अर्पिताही खुशाल, फक्त ती माझ्याशी बोलत नाही. ते पुढे येईलच. पत्राचं कारण म्हणजे पप्पूची हळद. नातवाच्या हळदीला तुम्ही डीजे ठरवलाय असं ऐकलं. दाजी, तेवढा रद्द करा. हल्लीची गाणी माणसाने ऐकायच्या लायकीची नाहीत, असं मी माइकवरून बोलून बसलो आहे. आता माघार कशी घेणार?

झालं असं, की अर्पिताच्या शाळेच्या गॅदरिंगला नाचाच्या स्पर्धेसाठी परीक्षक मिळेना. हेडमास्तरांना कुणीतरी सांगितलं, सिद्धोधनरावांना पिक्चरचं लय नॉलेज आहे. आता नॉलेज होतं, हे तुम्हीही नाकारणार नाही. भाड्याचा कलर टीव्ही गोधडीत गुंडाळून, व्हीसीआर मांडीवर घेऊन, पिक्चर दाखवत आपण राणीसावरगावपर्यंत गावं पालथी घातली. नुसता ठेका वाजला की पिक्चर, हिरो आणि शेवटी कोण मरतं ते मी सांगायचो. (शेवट आधीच सांगतो म्हणून एकदा लोकांनी मला मंडपाबाहेर बसवलं होतं. तुम्हीही त्या लोकांत होतात, हे मी विसरलेलो नाही.) पण त्याला जमाना लोटला, ही गोष्ट हेडमास्तरांना ठाऊक नव्हती आणि मी कशाला सांगतो? धम्मानंदच्या लग्नातला कोट काढला. कोटावर चष्मा शोभत नाही म्हणून तो खिशात ठेवला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसलो.

गाणी सुरू झाली. एक ओळखू येईल तर शपथ. शेजारच्या मॅडम प्रत्येक गाण्याला मान डोलवत होत्या, म्हणून मीही डोलवली. मॅडमना मानेचा त्रास आहे, हे नंतर कळलं. अर्पिता नाचात आहे एवढं मला माहीत होतं, पण कोणत्या, ते तिने गुपित ठेवलं होतं. तेवढ्यात नऊवारीतली एक पोर आली, गोड, ठसकेबाज. म्हटलं, हीच आपली! आपलं रक्त लपत नाही! दहापैकी दहा देऊन टाकले. (नात म्हणून नव्हे, कलेची कदर म्हणून. निदान तेव्हा मी स्वतःला असंच सांगितलं.) मग काळे गॉगल आणि उलट्या टोप्या घातलेल्या पोरी आल्या. गाणं म्हणजे मिक्सरमध्ये चमचा राहिल्यासारखं. मी दोन गुण दिले. तेवढ्यावर थांबलो असतो तर पत्र लिहायची वेळ आली नसती. पण हेडमास्तरांनी मनोगतासाठी माइक हातात दिला. मी हल्लीच्या गाण्यांवर तोंडसुख घेतलं आणि वर म्हणालो, की ती मधली गॉगलवाली मुलगी ज्वारीवरची पाखरं हाकलत होती.

सगळं मैदान हसलं. दाजी, इतक्या वर्षांनी मैदान हसवलं म्हणून मी छाती फुगवून उभा. तेवढ्यात त्या पोरीने गॉगल काढला आणि म्हणाली, "आबा, मीच हाय ती."

घरी आल्यावर सुकेशनी एवढंच म्हणाली, "दिसत न्हाई, समजत न्हाई, मंग खुर्चीवर बसलाव कशाला?" मनिषाने भाजी वाढली, मीठ मागितलं तर ऐकू न आल्यासारखं केलं. अर्पिताने तर आबा हा शब्दच टाकला. आता निरोप येतो तो आजीमार्फत, की त्यांना म्हणावं, टीव्हीचा आवाज कमी करा. ती शाळेतून आली की पहिल्यांदा माझ्या खोलीत यायची, दाजी. आता दप्तराचा आवाज येतो, पोरगी येत नाही. फार लागतं हे.

म्हणून परवा दार लावून ते गाणं मोबाईलवर लावलं आणि आरशासमोर उभा राहून हात हलवून पाहिले. पाखरं हाकलणंसुद्धा सोपं नाही, कंबर धरली. दाराच्या फटीतून आवाज आला, "हात न्हाई, आदी खांदा." वळून पाहीपर्यंत ती पळाली. पण ते मलाच म्हणाली होती, आजीमार्फत नाही. मी कॉटवर बसून लहान पोरासारखा रडलो.

असो. डीजेचं तेवढं बघा. अक्काला जयभीम.

तुमचा,
सिद्धोधन

ता. क. डीजे रद्द केला नसेल तर राहू द्या. केला असेल तर पुन्हा ठरवा.

ता. क. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा तुमचा काळा चष्मा हळदीला आठवणीने आणा. मला लागणार आहे. उलटी टोपी मिळाली.

ता. क. अर्पिताने अट घातली आहे. मी हळदीत सगळ्यांसमोर त्या गाण्यावर नाचायचं, आणि नंतर माइक तिच्याकडे द्यायचा. मी कबूल केलं आहे. ती काय बोलायचं ते बोलू दे, फक्त सुरुवात 'आमचे आबा' अशी करू दे. डीजेवाल्याला आवाज मोठा ठेवायला सांगा, तुम्हालाही ऐकू यायला हवं.