तिसरी सिस्टिम

३ मार्च, सकाळी

प्रिय भाऊजी,

आशीर्वाद. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी दूध तापवून झालं होतं, चादरी भिजत घातल्या होत्या आणि मी ह्यांच्या शर्टाची कॉलर घासत होते. हे न्हाणीघराच्या दारात येऊन उभे राहिले. कुठं बोलणार नाही असं कंपनीला लिहून दिलेलं, म्हणून घरातही हळूच बोलायचे. म्हणाले, "आमची फोनची सिस्टिम बंद होतेय. फोन बनवणारे म्हणतात, चिप तुमची घेऊ, सिस्टिम मात्र त्या दोन बड्या कंपन्यांचीच. महिनाभर बाहेर कळता कामा नये. मला तोंड उघडता येत नाही. तू धाकट्याला सांग, आमच्या सिस्टिमच्या भरवशावर नोकरी सोडू नकोस म्हणावं."

सिस्टिम म्हणजे काय, हे मला तेव्हा धड माहीत नव्हतं. हे वारल्यावर त्यांच्या कपाटातली कॉम्प्युटरची मासिकं वाचत बसले. अडलेला शब्द वहीत लिहायचा, लेकीचा फोन आला की विचारायचा. आता समजतं. ह्यांच्या कंपनीतल्या चिपवाल्यांना त्या दोघांच्या मर्जीवर जगायचं नव्हतं. म्हणून तिसरी सिस्टिम काढली, तुमच्यासारख्यांना ॲप करायला बोलावलं. बाजार हलेना, तेव्हा त्याच दोघांशी हात मिळवून मोकळे झाले.

माझा गुडघा बरा आहे. स्वयंपाकघराची खिडकी दुरुस्त करून घेतली. बघा, अजून टाळतेच आहे.

दादाला माहीत होतं आणि तरी त्यानं सांगितलं नाही, असं तुम्ही नऊ वर्षं धरून बसलात. हे गेले त्या दिवशी फाटकापर्यंत येऊन परत फिरलात, मी खिडकीतून पाहिलं. आणि हे समजत राहिले की सांगूनही तुम्ही हट्टानं राजीनामा दिलात. "ऐकेल तर तो धाकटा कसला," म्हणायचे आणि ताट बाजूला सारायचे.

तुम्ही दोघंही खरे होतात. खोटी मी.

मी फोन केला होता, भाऊजी. त्याच दुपारी. "त्या सिस्टिमचं जरा सांगायचंय," म्हटलं. तुम्ही हसलात. "वहिनी, आता तुम्हीसुद्धा? दादाला बोलू द्या, तुम्ही आपली भाजी बघा!" मागे आणखी कुणीतरी हसलं. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला.

ह्यांची नोकरी जाईल म्हणून घाबरले, असं मी स्वतःला समजावत आले. तसं नव्हतं. मला राग आला होता. आपटू दे एकदा, असं मनात आलं. तुम्ही राजीनामा दिलात तो आठवड्यानं. मधले सगळे दिवस फोन माझ्या हाताशी होता.

ह्यांच्यावरचा राग उतरवा, एवढंच मागते. माझ्यावर धरा, तो माझाच आहे.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी कामावर निघताना ह्यांनी विचारलं, "सांगितलंस ना त्याला?" मी "हो" म्हणाले आणि त्यांच्या हातात डबा दिला.

तुमच्या दादांची बायको