एका गुडघ्याचे तीन पेशंट

ठाकुर्ली, ता. ८ नोव्हेंबर १९९४

सहदेवराव साडूभाऊंना दौलतचा नमस्कार. मंदाकिनीचा खोकला थांबला असेलच. (नसेल, तर निदान दोन डॉक्टरांना दाखवा. एकावर विसंबू नका.) आम्ही सगळे मजेत आहोत, माझा डावा गुडघा सोडून.

वागळे इस्टेटच्या कारखान्यात माझी हयात इन्स्पेक्शनला गेली, हे तुम्ही जाणताच. तिथे एकाने तपासलेला माल दुसऱ्याने तपासल्याशिवाय गेटबाहेर जात नाही. मग गुडघा काय रस्त्यावर पडलाय? मी ठाणे, डोंबिवली, कल्याण असे तीन डॉक्टर लावले, एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू न देता. ठाण्याला सांगितलं, स्कूटरवरून पडलो. डोंबिवलीला, मोरीत घसरलो. कल्याणला, आमच्या घराण्यातच आहे. (कारण बदललं की औषध बदलतात का, ते पाहायचं होतं.) एक म्हणाला ऑपरेशन, दुसरा म्हणाला तेल लावा, तिसरा म्हणाला चालत जा. तिघांचं जमत नव्हतं तोवर मी निर्धास्त होतो.

आणि काय सांगू, दसऱ्याला त्या तिघांनी मिळून डोंबिवलीत एकच दवाखाना थाटला! तिघांकडचे केसपेपर एका कॉम्प्युटरात भरले. तिथे बसवलेली शीला नावाची मुलगी भर गर्दीत ओरडते, "काका, नाव एक, पत्ता एक, डावा गुडघा एक, आणि पेशंट तीन! यातले तुम्ही कोण?" अख्खा बाक माझ्याकडे बघायला लागला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिने तिघांचा मिळून एक दौलत केला, स्कूटरवरून पडलेला, मोरीत घसरलेला आणि वर घराण्याचा गुडघा घेऊन जन्मलेला. ते वाचून तिघे डॉक्टर एका सुरात म्हणाले, ऑपरेशन. कुठेतरी पाणी मुरतंय, साडूभाऊ. चोर चोर मावसभाऊ! आता एकाची चूक पकडायला दुसरा उरला नाही. खरं सांगतो, मला भीती वाटते.

आपला,
दौलत

ता. क. मोहने गावी चौथा डॉक्टर गाठला. त्याच्याकडे कॉम्प्युटर नाही, पण उगाच धोका नको म्हणून नाव तुमचं सांगितलं. रागावू नका.

पुन्हा ता. क. त्याने गुडघा दाबून पाहिला आणि म्हणाला, "सहदेवराव, काही झालेलं नाही, घरी जा." इथे जिना चढताना मला देव आठवतो, आणि हा म्हणतो काही नाही! पहिल्यांदाच कोणीतरी मला हवं तेच बोललं, आणि तिथेच मला संशय आला. ऑपरेशनला हो म्हणून आलोय. पुढल्या सोमवारी आहे. तुम्ही याच, आत नेताना बाहेर आपलं माणूस हवं. तुमचा डावा गुडघा ठणठणीत असल्याची चिठ्ठी माझ्याकडे आहे, तीही घेऊन जा.