तबकडी नसलेलं घड्याळ आणि कपाटाची किल्ली

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. भावोजींनाही माझा नमस्कार सांग आणि त्यांच्या गुडघ्याला विशेष सांग, कारण त्या गुडघ्यामुळेच तू यंदा सुट्टीत आली नाहीस असं तू कळवलं होतंस. (हाच गुडघा रोज सकाळी तासभर फिरायला जातो, असं तुझा धाकटा फोनवर बोलून गेला. पण गुडघ्याचं काय, कधी दुखेल सांगता येत नाही.) आम्ही इकडे ठीक आहोत. तुझ्या भावजयीची तब्येत उत्तम आहे. माझ्यावर दिवसातून तीनदा रागावूनही तिला दम लागत नाही.

पत्राला कारण असं, की मी नवीन घड्याळ घेतलं. संग्रहातलं तेरावं. याला स्केलेटन वॉच म्हणतात. त्याला तबकडी नसते. पुढून काच, मागून काच आणि मधे चाकं, स्प्रिंग, स्क्रू असा सगळा संसार उघड्यावर मांडलेला. तीस वर्षं वजनमापं तपासण्याच्या खात्यात काढल्यामुळे आत काय चाललंय ते डोळ्यांनी दिसल्याशिवाय माझा कशावरच विश्वास बसत नाही, हे तू जाणतेसच. (कोपऱ्यावरचा वाणी अजूनही मला पाहिलं की तराजू पुसायला घेतो.) तेव्हा असं घड्याळ माझ्याकडे नसणं ही संग्रहाला शोभणारी गोष्ट नव्हती.

निवड करायला मला दुकानात नऊ फेऱ्या घालाव्या लागल्या. तिथला विक्रेता पांढरे हातमोजे घालून घड्याळ असं उचलतो की नवजात बाळ उचलतोय. पहिल्या घड्याळात चाकं फारच कमी दिसत होती, दुसऱ्यात नको इतकी. तिसरं सोनेरी मुलामा आणि निळे स्क्रू यांनी एवढं नटलेलं होतं की त्याला वेळ विचारायची हिंमत होईना. चौथं मला पसंत पडलं, पण त्या दिवशी तुझी भावजय बरोबर होती. तिने यात किती वाजले एवढंच विचारलं. मी, हातमोजेवाला आणि दुकानाचा मालक अशा तिघांनी मिळून दोन्ही काटे शोधून काढेपर्यंत तो प्रश्न शिळा झाला होता. हातमोजेवाला शेवटी म्हणाला, "साहेब, हे वेळ बघायला नसतंच मुळी." त्याच्या या प्रामाणिकपणावर खूश होऊन मी पाचवं घेतलं.

घरी आल्यावर कळलं की आरपार घड्याळातून आपलं मनगटही दिसतं, आणि चाकांच्या गर्दीत मनगटावरचे केसही. सेकंदकाटा कुठला आणि केस कुठला याचा घोळ होऊ लागला, म्हणून मी रेझरने मनगटाचा तेवढाच गोल भाग साफ केला. तुझी भावजय त्यानंतर दिवसभर माझ्याशी बोलली नाही. हसू आवरत नसल्यामुळे तिला बोलता येत नव्हतं.

पण तिचा नियम तुला माहीत आहे. कपाटात खाचा बारा, म्हणून घड्याळं बारा. नवीन आत यायचं तर जुनं एक बाहेर जायला हवं. कुठलं काढायचं? लिहूनच टाकतो ताई, मी बाबांचं काढायचं ठरवलं. साधं स्टीलचं, पिवळ्या पडलेल्या तबकडीचं, आतलं काही म्हणता काही न दिसणारं. वाटणीच्या वेळी तू सगळ्या घरातून तेवढंच मागितलं होतंस आणि "संग्राहकाच्या घरातच ते नीट राहील" असं म्हणून मी ते ठेवून घेतलं होतं, हे मी सोयीने विसरलो होतो.

किंमत काढून घ्यावी म्हणून बाराही घड्याळं पिशवीत घालून मी पोस्टामागच्या त्या म्हाताऱ्या घड्याळजीकडे गेलो. त्याने एकेकाला चावी दिली. (झिजू नयेत म्हणून मी कधी देत नाही. अपवाद बाबांच्या घड्याळाचा. पाहुणे आले की त्याला चावी देऊन त्यांच्या कानाला लावायचं आणि निगा राखणं म्हणजे काय ते समजावून सांगायचं, हा माझा शिरस्ता.) अकरा घड्याळांनी दोन-दोन मिनिटांत मान टाकली. बाबांचं चालत राहिलं. मी तिथेही निगा राखण्याबद्दल बोलायला लागलो, तेव्हा घड्याळजीने त्याचं मागचं झाकण उघडलं आणि डोळ्याचं भिंग काढून माझ्या हातात दिलं.

या लोकांची एक रीत आहे. घड्याळ साफ केलं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक तारीख कोरून ठेवायची. बाबांच्या वेळच्या तारखांची रांग होती. त्याखाली, बाबा गेल्यानंतरच्या, आणखी पाच. पाचही सुट्टीतल्या, दर वर्षी एक, आणि प्रत्येकीपुढे 'मुलगी' असं कोरलेलं. घड्याळजी म्हणाला, "त्या येतात ना दर वर्षी. एका दिवशी देतात, दुसऱ्या दिवशी नेतात. यंदा आल्या नाहीत, तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, गुडघा दुखतोय. कुणाचा ते सांगितलं नाही.

तर 'जरा पाय मोकळे करून येते' म्हणून तू जायचीस ती तिथे. आणि मी? मागच्या वर्षी मला ती खाच रिकामी दिसली. तुला सरळ विचारलं असतं तर माणूस ठरलो असतो. त्याऐवजी मी जेवताना सगळ्यांसमोर, कुणाचंही नाव न घेता, घरातल्याच माणसांपासून वस्तू कशा सांभाळाव्या लागतात यावर अर्धा तास बोललो. दुसऱ्या दिवशी घड्याळ जागेवर दिसलं, तेव्हा माझ्या बोलण्याचा गुण आला असं समजून मी जाऊन कपाटाला कुलूप आणलं. तू ते कुलूप पाहिलंस आणि एक दिवस आधी निघून गेलीस. ताई, मला लाज वाटते. घड्याळजीच्या स्टुलावर बसल्या बसल्याही वाटली, आणि आजही वाटते आहे.

फोन केला असता तर तू "अरे, जाऊ दे" म्हणाली असतीस आणि मीही जाऊ दिलं असतं. म्हणून पत्र लिहिलं. मुलांना आशीर्वाद.

तुझा भाऊ

ता. क. बाबांचं घड्याळ तुझं आहे. कुरिअरने पाठवणार नाही, तुझ्या हातात देणार आहे. तू नेल्याशिवाय नवीन घड्याळाला खाच मिळत नाही, तेव्हा माझ्यावर उपकार म्हणून तरी ये.

आणखी एक. कपाटाची किल्ली सोबत पाठवतो आहे. दुसरी किल्ली नाही. बाबांच्या घड्याळाला आज पूर्ण चावी देऊन ठेवली आहे. ते छत्तीस तास चालतं. (पत्र पोचायलाच तीन दिवस लागतात हे तुझ्या भावजयीने आत्ता लक्षात आणून दिलं. चालू करायलाही तूच लागशील.)

हे पाकिटाच्या मागे लिहितो आहे, कारण पाकीट चिकटवून झालं. पोस्टमनसाहेब, वाचायला हरकत नाही. ताई, कुलूप लावताना नवीन घड्याळही आतच राहिलं. पाकीट फोडून किल्ली काढता येईल, पण काढणार नाही. किती वाजता येशील ते कळवू नकोस, तेरा घड्याळं असून मला वेळ कळायची सोय उरलेली नाही. (मोबाइलमध्ये दिसते, असं तुझी भावजय आतून ओरडते आहे. तिला काही कळत नाही.) मी सकाळपासूनच दारात बसेन.