हार घातलेली आई

९ जून
प्रकाशकांचा फोन. कादंबरी छापतो म्हणाले, फक्त शेवटी आई रडत घरी परत आली पाहिजे, वाचकांना बरं वाटतं. मी सांगितलं, माझी आई परत आली नाही. ते म्हणाले, अहो ताई, ही कादंबरी आहे. म्हणूनच खोटं लिहिणार नाही, म्हटलं.

१० जून
नाही म्हणजे नाही!

२४ जून
पुन्हा फोन. आहे तशीच छापतात, दिवाळीआधी. लोहाऱ्याच्या स्टॉपवर कारखान्याच्या बसची वाट पाहत मी एकटीच हसत उभी होती.

६ जुलै
मी गावी जाऊन पुस्तकाचं सांगून आली. बाभुळगावला ऑटोत बसेपर्यंत धीर होता, घरात शिरल्यावर पळाला. भिंतीवर आईचा फोटो — हार घातलेला. मी नऊ वर्षांची असताना बाबांनी तो लावला अन गावाला सांगितलं, माहेरी तापाने गेली. गावाने मानलं. मीही मानलं. मग चौदाव्या वर्षी दारव्ह्याच्या बाजारात ती मिरच्या घेताना दिसली. सोबत एक माणूस. तिने मला ओळखलं, अन तोंड फिरवलं.

कादंबरीत हेच आहे. आजीचे टोमणे, बाबांचं गप्प बसणं, अन एका पहाटे आईचं पळून जाणं.

मोठा भाऊ कपिलदादा जेवता जेवता उठला. "माह्या पोरीची सोयरीक जमून राह्यली. मेलेल्या बाईले कायले उकरून राह्यली तू?"

"मेली नाही ते," मी म्हटलं.

बाबांनी ताटातलं संपवलं अन बैलांकडे गेले. नेहमीसारखे. हेच तर लिहिलंय मी!

१८ ऑगस्ट
दादाचा निरोप — निदान खोट्या नावाने छाप. शाळेत 'माझी आई' या निबंधात मी दरवर्षी आत्याबद्दल लिहायची. पुरे झालं. मुखपृष्ठावर नाव येईल ते आईसकट: दीपा प्रभावती.

१२ ऑक्टोबर
यवतमाळच्या वाचनालयात प्रकाशन. माणसं अकरा, त्यातल्या चौघी कारखान्यातल्या. दादा नाही. पण बाबा आले! मागच्या खुर्चीवर बसले, एक प्रत घेतली. मी सहीसाठी पेन काढला, तर राहू दे म्हणाले अन निघून गेले.

१९ ऑक्टोबर
सोयरीक मोडली. दादा म्हणतो, तुझ्यामुळे. पुतणीला फोन केला, तिने उचलला नाही. मी खूप रडली. तरी पुस्तक मागे घेणार नाही.

२६ ऑक्टोबर
बाबा एकटेच माझ्या खोलीवर आले. चहा नको म्हणाले. सगळं वाचलं होतं. आजीचं लिहिलं ते खरं, माझं गप्प बसणंही खरं, म्हणाले.

"एकच चुकलं, बाई. थे पळाली नाही. मीच तिले सायकलवर डबलसीट यवतमाळले नेलं अन दारव्ह्याच्या जीपमध्ये बसवून देलं. तिचा जीव नव्हता लागत इथं. मेली म्हणून सांगतलं, म्हंजे कोणी शोधाले जाणार नाही."

मला का नाही सांगितलं? लहान होतीस, म्हणाले. अन मोठी झाल्यावर? मी खूप बोलली त्यांना. त्यांनी ऐकून घेतलं.

२७ ऑक्टोबर
रजा टाकली. बाबांसोबत दारव्ह्याला निघाली आहे. घर सापडेल का, विचारलं. म्हणाले, दर संक्रांतीले जातो मी.