पुस्तकं छोटीची नाहीत

बाळ्या,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून खा. माझी वाट बघत बसू नका.

काल तुझ्या साहेबांनी माझ्या खुर्चीवरचं जपानी कॉमिक उचललं, तर तू घाईघाईनं म्हणालास, “आमच्या छोटीचं आहे.” छोटीला अजून अक्षरओळख नाही, आणि तिच्या नावावर खपवतोस? वर त्यांच्यासमोर चाळून हसलास, की याला शेंडा ना बुडखा. अरे शहाण्या, ते उजवीकडून वाचतात, सांगून सांगून माझं तोंड दुखलं. शेवटच्या पानापासून सुरुवात केल्यावर काय डोंबल कळणार?

त्यातला म्हातारा सुतार पानंच्या पानं नुसता रंधा मारतो, चकार शब्द बोलत नाही. तुझी आई गेल्यापासून माझ्याजवळ इतका वेळ कोणी गप्प बसलेलं नाही. याहून जास्त मी समजावणार नाही.

पुढचा भाग आणायला लायब्ररीत चाललोय. तू कपाटात कोंबलेली सगळी पुस्तकं परत बाहेरच्या खोलीत मांडली आहेत, त्यांना हात लावायचा नाही. साहेब पुन्हा आले आणि त्यांनी विचारलं, तर मान वर करून सांग, माझ्या बापाची आहेत.

– बाबा