घुशीभोवतीचं कडं

नाना, काल फरशी पुसताना मला वाटलं, तुमच्या त्या कागदाचं उत्तर सापडलं. ‘वाटलं’ असंच लिहिते, कारण ‘सापडलं’ लिहिलं असतं तर ‘कशावरून?’ हाच तुमचा पहिला प्रश्न असता. आई आणि मी आता जळगावला पिंप्राळ्यात राहतो. मी शाळेत विज्ञान शिकवते. तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते, म्हणजे यातलं काहीच तुम्हाला माहीत नाही. फरशी पुसायला हल्ली एक बादली मिळते. तिच्यात जाळीची टोपली असते, ओला मॉप त्यात ठेवून दांडा दाबला की तो गरगर फिरतो आणि पाणी झटकलं जातं. काल मी तो टोपलीतून काढला आणि फिरता फिरताच फरशीवर आणला. आई ओरडली, "अगं बादलीत फिरव की! सगळा ओटा भिजवलास." मी तिकडे बघत नव्हते. फरशीवर थेंबांचं एक गोल कडं पडलं होतं आणि मधली जागा कोरडी होती.

मला एकदम धुळ्याचं दुकान दिसलं. भाजी बाजारामागच्या गल्लीतलं, आगगाडीच्या डब्यासारखं लांबट. पुढे तुमचं टेबल, मागे सळयांचं कपाट. बंदुका दुरुस्त करण्याचा आणि काडतुसं भरण्याचा परवाना काचेच्या चौकटीत टांगलेला आहे, आणि मी त्याच्याखाली पोत्यावर बसले आहे. शाळेत जायच्या आधीच मी तिथं वाचायला शिकले, तेही लग्नपत्रिकांवरून. काडतुसात दारू, तिच्यावर नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा, त्यावर छर्रे आणि छर्रे सांडू नयेत म्हणून सगळ्यात वर जाड कागदाची गोल चकती, एवढं मला तेव्हा पाठ होतं. दारूच्या डब्याला मी हात लावायचा नाही. चकत्या मात्र माझ्या. लग्नसराई संपली की तुम्ही ओळखीपाळखीतून जुन्या पत्रिका गोळा करून आणायचात आणि मी त्यांच्यावर चकती कापायचा लोखंडी पंच ठेवून लाकडी हातोडीनं ठोकायची. त्याचे तुमचे नियम होते. गणपती आधी कापून वेगळा काढायचा, तो पांझरा नदीत सोडायचा. माणसांची नावं असतील तिथं पंच ठेवायचा नाही. जिवंत माणसाचं नाव नळीत घालायचं नाही, असं तुम्ही म्हणायचात. त्यामुळे प्रत्येक पत्रिका मला नीट वाचावी लागे, आणि ‘आग्रहाचे निमंत्रण’ हे मी वाचलेले पहिले दोन शब्द आहेत. सातपुड्याच्या पायथ्याचे शेतकरी डुकरांसाठी काडतुसं न्यायचे. मक्याच्या शेतात कुठंतरी आपल्या ‘आग्रहाचे’मधला ‘ग्र’ पडलेला असेल, याचं मला फार नवल वाटे.

केळीवाले आप्पा आले तो दिवस मला चांगला आठवतो. जळगावच्या बाहेर त्यांची केळी, बागेला लागून हरभऱ्याचं गोदाम. टेबलावर त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर ठेवलं. आपल्याकडे सगळ्या लांब बंदुका यायच्या, म्हणून मी पोत्यावरून उठून पाहायला आले.

"नाना, घुशींनी मले येडं करून टाकलंय," आप्पा म्हणाले. "पिंजरा लावला त पिंजऱ्याखालून बीळ करतात. औषध ठेवलं त मांजर मेली. याच्यात बारीक छर्रे भरून दे. आणि असू दे साप-बिपालेही."

"सापले मी भरी देत नही," तुम्ही म्हणालात. "घुशीले देसू. ठाणामा इचारी उनात का?"

"इचारलं रे बाबा. तू त ठाणेदारापेक्षा वरचढ आहेस." मग त्यांनी पिशवीतून सोनेरी कडांच्या पत्रिकांचा गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. "घे पोरी. माह्या पोरीच्या लग्नाच्या उरल्या. अशी भारी पत्रिका तुह्या बापानं कधी पाहिली नसेल."

आज मी विचार करते, आप्पांना स्वतःच्या रक्षणासाठी दिलेल्या रिव्हॉल्व्हरच्या परवान्यात घूस बसते का. ठाण्यात कोण काय म्हणालं ते कुणास ठाऊक. तुम्ही विचारलंत आणि आप्पा हो म्हणाले, एवढंच मी ऐकलं. तर त्या संध्याकाळी तुम्ही रिव्हॉल्व्हर उघडून रिकामं आहे हे दोनदा पाहिलंत, मलाही दाखवलंत, आणि नळी दाराच्या उजेडाकडे धरून मला मागून बघायला सांगितलंत. "काय दिसस?" मी म्हणाले, वेटोळं दिसतं, जिन्यासारखं. तुम्ही म्हणालात, लांब बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते, हिला आट्या असतात, पिळाच्या खाचा, गोळी फिरत जावी म्हणून. मग फडक्यानं पुसून ती ठेवून दिलीत. या आट्यांवर मला पुढे यायचंच आहे.

त्यांच्याच सोनेरी पत्रिकांच्या चकत्या लावून भरलेली काडतुसं आप्पा घेऊन गेले, आणि पंधरवड्यानं परत आले ते दारातूनच बोलत. दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं होती.

"नाना, घूस माह्यासमोर बसली होती. आवाज झाला, धूर झाला, अन् ती मिशा हालवत माह्याकडे पाहू राह्यली! चहूकडं मातीत भोकं, अन् मधी ती बसेल, पाटावर नवरी बसते तशी. मधलं शिसं कुठं गेलं? तू खाल्लं? माह्याच पोरीच्या पत्रिकेनं मलेच गंडवलं!"

गिऱ्हाइकं हसली. मला वाटलं, आता तुम्ही उठाल, भांडाल. तुम्ही मात्र पुढे वाकून विचारलंत, "चहूकडं म्हनजे कशी? एकाच बाजूले नही ना?" तुमच्या डोळ्यांत राग नव्हता. एखाद्यानं नवीन कुलूप समोर ठेवावं तसं बघत होतात. पुढच्या रविवारी आपण दोघं एस.टी.नं जळगावला गेलो. पारोळ्याला तुम्ही मला भजी घेऊन दिलीत, एरंडोल येईपर्यंत मी बोटं चोखत होते. आप्पांच्या गोदामामागे मातीचा बांध होता, त्याला तुम्ही बाभळीच्या काट्यांनी वर्तमानपत्र टोचलंत. रिव्हॉल्व्हर आप्पा झाडणार होते; मला विहिरीच्या भिंतीआड बसवलंत, कान झाक म्हणालात. मी कान झाकले आणि डोळेही मिटून घेतले. आवाज झाल्यावर हाक आली तशी धावत गेले. कागदावर भोकांचं कडं होतं. तुम्ही मधे मूठ ठेवलीत, ती एकाही भोकाला न लागता तिथं मावली.

"हे पाय!" आप्पा म्हणाले. "मधी काहीच नाही. भरलंच नाही त येईल कुठून?"

तुम्ही उरलेली काडतुसं त्यांच्यापुढे धरलीत. "तुमीच निवडा. तुमनाच हाते उघडा." आप्पांनी एक निवडलं, सोनेरी चकती काढली, तळहातावर छर्रे ओतले. काडतूस शिगोशीग भरलेलं होतं.

"मंग मधलं जातं कुठं?" आप्पांनी विचारलं.

"मी बी तेच देखी राहिनू," तुम्ही म्हणालात आणि हसलात.

येताना बसमध्ये मी सारखी बोलत होते. आप्पांना नेम धरताच येत नाही, त्यांचा हात हलतो, त्यांची पत्रिकाच जाड होती, ते खोटारडे आहेत. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणालात, "देखं का तू? तू त डोया मिटी बसेल होती. देखं नही त बोलू नको." मी तुमच्याच बाजूनं बोलत होते, नाना. तरी तुम्ही मला रागावलात, आणि धुळं येईपर्यंत मी तोंडाला ओढणी लावून बसले. आता वर्गात एखादी मुलगी पुस्तकातलं उत्तर घडाघडा म्हणते तेव्हा तेच शब्द माझ्या ओठांवर येतात. मी ते गिळते. तिचा चेहरा कसा होईल ते मला माहीत आहे.

तो कागद तुम्ही दुकानात खिळ्याला लावलात. येणारा जाणारा विचारायचा, "नाना, हाई काय, जिलबी का?" आप्पांनी तिकडे बाजारात सांगायला सुरुवात केली होती की एक काडतूस भरलेलं निघालं खरं, पण बाकीची कुणी उघडून पाहिली? पायथ्याकडचे लोक हसत म्हणायचे, "नाना, आमनामा मधलं बी भरजो हां!" काही हसत म्हणाले, काही मग आलेच नाहीत. आई म्हणाली, "जाऊन भांडा ना त्यांच्याशी. चोर म्हणाले ते तुम्हाला." तुम्ही म्हणालात, "भांडीसन काय सांगू? माले समजू दे आधी." तुमचा संशय चकतीवर होता. पत्रिका ताठ आहे, ती छऱ्यांच्या मधून घुसते आणि त्यांना बाजूला फेकते, असं तुम्हाला वाटे. म्हणून मला पत्रिका बंद करून बुटांच्या खोक्याचा मऊ पुठ्ठा कापायला लावलात. त्याची काडतुसं घेऊन पुन्हा जळगावला जायचं ठरलं होतं. त्याच हिवाळ्यात तुम्हाला कावीळ झाली आणि तुम्ही गेलात. परवाना तुमच्या नावाचा, म्हणून दुकान बंद झालं. आवराआवरीत कुणीतरी त्या कागदात खिळे बांधून नेले. माझ्याकडे फक्त पंच आहे.

हे सगळं आता का लिहिते, तर गेल्या महिन्यात मेहरूणच्या तलावावर आप्पा भेटले. खूप थकलेत, नातीचा हात धरून चालतात. मी वाकून नमस्कार केला, ओळख सांगितली. ते खूश झाले, नातीला म्हणाले, "ही त्या नानाची पोर. मधलं न भरणाऱ्या नानाची!" आणि खो खो हसले. दुष्टपणानं नाही. त्यांच्यासाठी ती एक जुनी गंमत आहे. पण त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिला तुमच्याविषयी तेवढंच माहीत झालं. मला तिथंच सांगायचं होतं की काडतुसं भरलेली होती, सगळी. पण कशावरून, असं त्यांनी विचारलं असतं तर माझ्याकडे काय होतं?

आणि काल तो मॉप. नळीला आट्या आहेत, तिच्यातून जाणारी गोळी फिरते, मग छर्रेही फिरत असणार आणि बाहेर पडताच थेंबांसारखे कडेला उधळत असणार. लांब बंदुकीत आट्या नाहीत, म्हणून डुकरांच्या काडतुसांची कधी तक्रार आली नाही. इतकं सरळ आहे की मला तुमच्याविषयीच प्रश्न पडला. आट्या तर तुम्हीच मला दाखवल्या होत्यात! मग तुम्ही चकतीच्या मागे का लागलात? की शेवटी कळलं होतं, आणि मी स्वतः पाहीपर्यंत सांगायचं नाही असं ठरवलं होतंत? तुम्ही तसे होतातच. मात्र साधं सुचलंच नसेल, असंही होऊ शकतं. मला दोन्ही नाना सारखेच आवडतात, पण खरा कोणता हे जाणून घ्यायला मी काय वाटेल ते देईन.

फरशीवरचं कडं पुरावा नाही, कारण मधे मॉपच होता, तिथं थेंब पडणार कसे? म्हणून आज सकाळी मी आईच्या मोहरीचा डबा घेतला. मावसबहिणीच्या पत्रिकेची नळी केली (नाव नसलेल्या भागाची), तिला दोन दोरे बांधून झोक्याच्या कडीला टांगली, खाली कागदाचं झाकण लावलं, आत मोहरी भरली आणि खाली वर्तमानपत्र पसरलं. आधी नळी न फिरवता झाकण ओढलं, मोहरीचा मधोमध ढीग पडला. मग दोऱ्यांना भरपूर पीळ दिला, नळी फिरायला लागल्यावर झाकण ओढलं. मोहरी घरभर. आई फ्रिजखालून दाणे गोळा करत म्हणाली, "बापासारखीच आहेस. त्यांनी दुकान बसवलं, तू स्वयंपाकघर बसव." तरी ती गेली नाही, दारात बसून राहिली. किती वेळा केलं ते मोजलं नाही. शेवटी ती चहा ठेवायला उठली तेव्हा एकदा चांगलं जमलं. मी हाक मारली. ती आली, वाकून बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "अगदी तसंच," ती म्हणाली. "तो कागद तसाच होता. जा, आत्ताच्या आत्ता जा त्या आप्पांकडे."

मी साडी बदलली, चपला घातल्या, आणि दारातूनच परत येऊन हे लिहायला बसले. हे कुठं पाठवायचं नाही, मला माहीत आहे. वर्तमानपत्र अजून फरशीवर तसंच आहे, आईनं त्याच्याभोवती पाट लावून ठेवलेत. तुम्ही विचाराल, देखं का तू? हो नाना, या वेळी डोळे उघडे ठेवून देखं. कडं पडलं होतं, ते खरंच पडलं होतं. पण आईला हाक मारायच्या आधी, मधे पडलेले चार दाणे मी बोटानं कडेला सारले.