दिल्क्याचा वास

३ नोव्हेंबर
आज मावशीने ज्वारीच्या पिठाचा डबा पालथा केला. शेवटचं पीठ. दोन वेळचा किसरा, पातळ भाकरी, झाला असता त्यात. परातीत घेतलं, लवंगांचं पाणी शिंपडलं आणि मळायला बसली. मला वाटलं, चला, आज चूल पेटणार. तर म्हणते, "दिल्का करतेय. तुझ्यासाठी."

पोटाला नाही आणि अंगाला उटणं!

मी म्हटलं, "मावशी, नवरा घरात नसताना दिल्का? ओमदुर्मानातल्या कुठल्या बाईने लावलाय? नवरा परगावी गेला की बायका तेलाची बाटलीसुद्धा फळीवर ठेवून देतात. आणि वास काय भिंत बघून थांबतो? पलीकडे सित्तना राहते."

"राहू दे. कळू दे तिला."

"काय कळू दे?"

"की या घरातला पुरुष जिवंत आहे. तू अशी खरबरीत हातपाय घेऊन पाण्याला जातेस, लोक तुला विधवा समजायला लागलेत."

माझा नवरा बाबिकर जूनच्या अखेरीस, भर लढाईत, नदीच्या पुलापलीकडे गेला. हिच्याच साखरेच्या आजाराच्या गोळ्या आणायला. त्यानंतर ना तो, ना गोळ्या, ना निरोप. मावशी माझ्या आईची सख्खी बहीण आणि माझी सासू. दोन्हीकडून बांधली गेले मी.

४ नोव्हेंबर
पीठ वाडग्याच्या आतून थापलं. अंगणातल्या खड्ड्यात तल्हा बाभळीची ढलपी पेटवली, वर वाडगा पालथा. दिवसभर धूर. संत्र्याची साल बाबिकरने आणलेल्या संत्र्यांचीच आहे, मावशीने दोऱ्यात ओवून ठेवली होती. ती कुटून घातली. चंदनाची पूड नाही. त्याऐवजी दोन लवंगा जास्त.

ती आत गेली तेव्हा वाडग्यातला एक तुकडा काढून खाल्ला. कडू. तरी गिळला.

६ नोव्हेंबर
सित्तनाच्या गच्चीवर फोन लागतो. मुदस्सिरशी बोलले. माझा भाऊ पोर्टसुदानला दोन खोल्यांत आठ माणसं घेऊन राहतो, तरी ये म्हणाला. मग लगेच, "पण नीट काय ते ठरवून ये. विधवा असशील तर माझ्याकडे ये. बायको असशील तर सासूला टाकून कशी येशील? लोक काय म्हणतील?"

इथे लोकच उरले नाहीत, आणि म्हणणारे उरलेत!

खरं लिहिते. कोणी येऊन सांगितलं ना, की बाबिकरचं प्रेत पाहिलं, तर मी रडेन, विधवेचा पांढरा तोब नेसेन, चार महिने दहा दिवस इद्दतीला बसेन. आणि मनातून सुटले म्हणेन. असं वाटणारी बाई चांगली नसते, माहीत आहे मला.

८ नोव्हेंबर
पीठ काळं पडलं, दिल्का झाला. मावशीने तिळाचं तेल घालून सैल केला, मला चटईवर बसवलं. पाठ, दंड, पोटऱ्या. महिनोन्महिने पाणी पुरवून धुतलेली कातडी, टाचांना भेगा. ती चोळत होती आणि मळाच्या सुरळ्या पडत होत्या. "बघ, बघ काय निघतंय! लग्नात तुझ्या आईने चोळलं होतं तेव्हाही इतका मळ नव्हता."

मी हसले. मग रडू आलं. इतक्या दिवसांत मला कोणी हात लावला नव्हता. तिने विचारलं नाही, चोळतच राहिली. अंग मऊ झालं, गरम झालं. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

९ नोव्हेंबर
सित्तना खजुराची बशी घेऊन हजर. दारातूनच, "मुबारक गं! लपवतेस काय? मी काय नाकाला कापूस लावून बसते?"

मी म्हटलं, "कोणी आलेलं नाही."

"बरं बरं. नाही तर नाही. झोपलाय का? झोपू दे बिचाऱ्याला."

मावशीने बशी घेतली आणि हसली. नाही म्हणाली नाही! सित्तना गेल्यावर मी तिच्यावर ओरडले. सप्टेंबरात बंदूकवाल्यांनी गल्लीतल्या दुसऱ्या तारवाल्याला, वीजमंडळातल्या म्हाताऱ्या अवादला, उचलून नेलं. त्यांच्या चौकीला दिवे हवे होते. अवाद अजून आलेला नाही. बाबिकरही तारवालाच. तो घरी आहे असं पसरलं तर काय होईल?

मावशी म्हणाली, "तो घरी नाहीच, मग नेतील कोणाला?"

बोलता येतं तिला.

११ नोव्हेंबर
पाण्याच्या रांगेत तिघींनी विचारलं. एकीने डोळा मारला.

१२ नोव्हेंबर
कडाक्याचं भांडण. मी सांगून टाकलं, "मावशी, तो मेला. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. त्याला मरू दे आणि मला जाऊ दे."

ती खजुराच्या बिया एका बाजूला करत होती. म्हणाली, "तुझ्या अंगावर दिल्का आहे तोवर तो वाटेत आहे. तू पुसलास की मी त्याला माझ्या हातांनी पुरला. आईला नको सांगूस असलं काही करायला."



१४ नोव्हेंबर
आले.

दोघं होते. एक मिसरूड न फुटलेला, खांद्याला वायरलेस. दुसरा वयाने मोठा, आपल्याकडचाच, बोलण्यावरून कळलं. "तारवाला कुठाय?"

मी म्हटलं, जूनपासून नाही. तो अंगणात उभा राहिला आणि नाकाने श्वास घेतला. सावकाश. "आमच्याही घरी बायका आहेत, ताई. हा वास नवऱ्याशिवाय येत नाही."

शोधलं सगळं. खाटांखाली, पाण्याच्या टाकीत, कोंबड्यांच्या रिकाम्या खुराड्यात. काही नाही. तो परत आला आणि माझ्या हाताकडे बघत राहिला, तेलाने चमकणाऱ्या. "नवरा घरात नाही. मग हे चोळून कोणासाठी बसतेस?"

पोरगा हसला. मला कळलं आता काय होणार. नवरा नसलेली आणि दिल्का लावणारी बाई म्हणजे काय, ते या गावात कोणी शिकवावं लागत नाही.

मावशी पुढे आली. "लग्न आहे तिचं."

"काय?"

"तिचा नवरा मेला. माझा मुलगा. इद्दत सरली. माझ्या पुतण्याला देतेय तिला, पुढच्या आठवड्यात. नवरीला कोरडी पाठवू? तुझ्या आईने पाठवली असती?"

तो तिच्याकडे बघत राहिला. "म्हातारे, शपथ घे."

तिने छातीवर हात ठेवला. आवाज हलला नाही तिचा. "अल्लाची शपथ. माझा मुलगा बाबिकर मेला. त्याची आई सांगतेय."

पोराने वायरलेसवर सांगितलं, "तारवाला मेलाय. आईने शपथ घेतली." आणि मोठा जाताना मला म्हणाला, "मुबारक."

१५ नोव्हेंबर
मावशीने उरलेला दिल्का अंगणात पुरला. मग टाकीतलं पाणी काढलं, इतकं पाणी, आणि मला स्वतः धुतलं. तेल जाईपर्यंत. तिच्याच पेटीतला पांढरा तोब मला नेसवला.

मी म्हटलं, "मावशी, ते तू मला वाचवायला बोललीस. खोटं होतं."

"बोलताना खोटं वाटलं नाही गं," ती म्हणाली. "तेच तर."

मग चटई टाकून बसली आणि पहिल्यांदा रडली. इतके महिने अडवून ठेवलेलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. मीही रडले, त्याच्यासाठी. आता रडता आलं.

१६ नोव्हेंबर
बायका येऊन गेल्या. सित्तना सगळ्यांत जास्त रडली. रांगेत बोभाटा केला तो तिनेच, हे तिला कळलंय. "माझ्या जिभेला काय म्हणावं!" जीभ तिची होती, पण वास तर आमच्या घरातूनच गेला ना.

१८ नोव्हेंबर
मुदस्सिरला कळवलं. लगेच म्हणाला, ये. गुरुवारी एक ट्रक निघतोय, ड्रायव्हर ओळखीचा. मावशी म्हणते, जूनपासून मोजली तर इद्दत सरलीच, जा. ती येणार नाही. "माझी माती इथली." माझ्या गाठोड्यात तिने दुसरा तोब घातला, सुई-दोरा घातला, वाटेत टाचांना लावायला तिळाचं तेल घातलं. म्हणाली, "समुद्राची हवा कातडीला वाईट."

सुटले म्हणायचं होतं ना मला. म्हणून पाहिलं. बोलताना खोटं वाटलं.

१९ नोव्हेंबर
सित्तनाचा नवरा पुलापलीकडून परतला. मला दाराबाहेर बोलावलं, माझ्याकडे बघत नव्हता. काल चौकीवर त्याच्या पुढे एक माणूस उभा होता. दाढी छातीपर्यंत, हाडांचा सापळा. कुठल्याशा कोंडवाड्यातून सुटून घरी निघालेला. नाव सांगेपर्यंत यानेही ओळखलं नाही. बाबिकर. तारवाला. तोमाचा, म्हणजे मावशीचा, मुलगा. चौकीवाल्यांनी वायरलेसवर विचारलं आणि हसले. "तो तर मेलाय. आईने शपथ घेतलीय. मग तू कोण? हेर?" गाडीत घालून घेऊन गेले. हा तोंड उघडू शकला नाही. त्याला तीन मुलं आहेत.

मावशीने आतून विचारलं, सित्तनाचा नवरा काय म्हणत होता. मी सांगितलं, पुलावर फार गर्दी आहे म्हणाला.